पायामागून हात

एका राज्यात झाड म्हणून नव्हतं. कोणी झाडं तोडली नव्हती, कोणाचा शापही नव्हता. वाराच असा होता की मान वर करील त्याला तो मोडून टाकी. म्हणून तिथे जे उगवे ते जमिनीला बिलगून उगवे. एरवी नदीकाठी उंच वाढणारा वाळुंज, तोही तिथे करंगळीएवढा, आणि आडवा सरपटत जाणारा. वर्षाचे दहा महिने बर्फ, दोन महिने उन्हाळा. त्या दोन महिन्यांत सगळ्या पठाराची एकच धांदल उडे. फुलांच्या जांभळ्या उश्या फुगत, पिवळ्या वाट्या सूर्याकडे तोंड करून फिरत, खडकांवरचं दगडफूल नारिंगी होई, आणि उरलेल्या सगळ्या जागेत शेवाळ. शेवाळ म्हटलं की आपल्याला विहिरीची निसरडी पायरी आठवते. तसलं नव्हे. हे कोरडं, मऊ, घोट्याइतकं जाड; कुठे हिरवं, कुठे तांबूस, कुठे राखी. त्यात आज पाय रुतला तर ती खूण नातवंडांना दिसे, इतकं ते सावकाश वाढणारं.

आता अशा जागी चालायचं म्हणजे कुणावर तरी पाय पडणारच. म्हणून त्या राज्याची एक रीत होती. आपला पाय कोणाला लागला की आपण वाकून हात लावतो आणि तो डोळ्यांना लावतो ना, तेच तिथली माणसं शेवाळाला आणि फुलांना करत. पाऊल, वाकणं, हात, डोळे. पुन्हा पाऊल, वाकणं, हात, डोळे. सगळं राज्य असं चाले. वऱ्हाड पोचे ते मुहूर्त टळल्यावर. चोर पळे तो वाकत वाकत, आणि मागून शिपाई धावत तेही वाकत वाकत. कोणाला त्याचं काही वाटत नसे.

एका राजाला मात्र वाटे. त्याचं नाव अचलसेन. तो लहान असताना त्याच्या आईबापांना हिमवादळानं उचलून शिखरांपलीकडे नेलं, ते पुन्हा दिसले नाहीत. मग त्याला वाढवलं त्याच्या आत्यानं, ऊर्णावतीनं. तिनं लग्न केलं नाही, दुसरं काही केलं नाही. सूत कातलं आणि हे पोर वाढवलं. पोर चालायला लागल्यापासून तिचा एकच घोष असे, पाय लागला, हात लाव. विसरला की पाठीत धपाटा. शेवटी अशी वेळ आली की पोर झोपेत तिला लाथ मारी आणि झोपेतच हात लावून तो डोळ्यांना लावी. आत्याला वाटलं, झालं आपलं काम.

कसलं झालं? मुकुट डोक्यावर चढला आणि महाराजांचे पाय जमिनीवर राहिनात. त्यांना आठवडाभर वाकत वाकत नदीवर जायचा कंटाळा आला. त्यांनी फर्मान काढलं की पठारावरून फरशीचा रस्ता बांधावा, रस्त्यावरून ताठ चालावं, आणि वाकणं बंद. आत्यानं विचारलं, फरशीखाली जे दबेल त्याचं काय? महाराज म्हणाले, त्याला काय कळतंय? आत्या चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, हे तिला जास्त लागलं.

रस्ता झाला. वाटेत शेवाळाचा एक उंचवटा होता, गवंड्यांनी त्याच्याही माथ्यावर फरशी ठोकली. उद्घाटनाला राजा नेमका त्याच फरशीवर उभा राहिला, कारण तिथून तो सगळ्यांना दिसत होता. नौबत वाजली आणि फरशी हलली. राजा उडी मारून बाजूला झाला, फरशी घसरली, आणि उंचवट्यानं डोळे उघडले. ती हरितांबा नावाची मांत्रिक होती. राजाच्या पणजोबांच्या काळी ध्यानाला बसली होती, आणि इतकी स्थिर बसली की तिच्यावर शेवाळ चढलं, शेवाळावर फुलं आली. आता तिच्या टाळूवर मधोमध, फरशीनं खरवडलेलं, ताटाएवढं टक्कल पडलं होतं.

हरितांबा म्हणाली, "तुझा पाय मला लागला. हात लागला नाही."

सगळी प्रजा बघत होती. एवढ्याशा गोष्टीनं मिटणारं होतं ते, पण राजा म्हणाला, "राजा वाटेतल्या ढिगाऱ्यापुढे वाकत नसतो."

"मग तुझा पाय जमिनीला लागणार नाही. पायामागून हात जाईल त्या दिवशी खाली येशील." एवढं बोलून तिनं डोळे मिटले आणि ती पुन्हा उंचवटा झाली.

राजा वीतभर वर उचलला गेला आणि तिथेच राहिला. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि म्हणाला की हे तर उत्तमच झालं, आता वाकायचा प्रश्नच मिटला. आत्यानं कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी तो आणखी थोडा वर गेला, तिसऱ्या दिवशी आणखी. मग दरबार कामाला लागला. राजवैद्यांनी जड अन्न सांगितलं. राजानं ते खाल्लं आणि त्याचं पोट हवेत दुखलं. लोहारानं शिशाचे जोडे घातले. जोडेही तरंगू लागले. शास्त्रीबुवांनी निष्कर्ष काढला की पायामागून हात जायला आधी पाय लागला पाहिजे, आणि पाय लागायला आधी हात गेला पाहिजे, तेव्हा विषय गहन आहे. ते अजून बोलत होते तेवढ्यात आत्या उठून गेली. प्रधानजींनी तर कहर केला. ते म्हणाले, महाराज आता जगाच्या वर आहेत अशी दवंडी पिटू. आत्यानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. प्रधानजींना एकाएकी घरचं काम आठवलं.

एक गोष्ट दरबारात कोणी बोलत नव्हतं, ती आत्याला दिवसरात्र दिसत होती. उन्हाळा सरत आला होता. वाळुंजाची पानं पिवळी पडत होती. पहिला बर्फाळ वारा सुटला की जमिनीला न लागणारं काहीही तो उचलून शिखरांपलीकडे नेणार. त्या वाऱ्यानं तिचा भाऊ नेला होता, वहिनी नेली होती. हा मूर्ख एवढाच उरला होता.

तिनं रानमेंढ्यांच्या लोकरीचा दोर वळला. एक टोक राजाच्या कमरेला बांधलं, एक स्वतःच्या, आणि त्याला ओढत ती हरितांबेकडे निघाली. पाऊल, वाकणं, हात, डोळे. प्रत्येक वाकण्याला दोराला हिसका बसे आणि वरून आवाज येई, आत्यासाहेब, जरा हळू. रस्त्यावरून चला ना, त्यासाठीच तर बांधलाय. आत्या उत्तर देत नव्हती. दात आवळलेले असले की उत्तर देता येत नाही.

उंचवट्यावर एक तित्तिर बसला होता, हरितांबेचा द्वारपाल. हा पक्षी उन्हाळ्यात तपकिरी असे आणि हिवाळ्यात पांढरा. सध्या ऋतू पालटत होता, म्हणून तो अर्धा तपकिरी, अर्धा पांढरा होता. त्यामुळे बोलतही अर्धवटच होता.

आत्या म्हणाली, "शाप मागे घ्यायला काय करावं लागेल?"

"तीन वस्तू आणाव्यात," तित्तिर म्हणाला. "म्हणजे अंबा..."

"म्हणजे अंबा काय?"

"पहिली वस्तू सूर्याची ऊब. फूल तोडायचं नाही," असं म्हणून तित्तिर पंखात मान घालून झोपला.

सूर्याची ऊब त्या राज्यात एकाच जागी साठे, पिवळ्या वाट्यांच्या फुलांत. दिवसभर ती फुलं सूर्याबरोबर मान फिरवत आणि ऊन वाटीत गोळा करत. बाहेर हात गारठला तरी वाटीत बोट घातलं तर कोमट लागे. पण न तोडता ती ऊब न्यायची कशी? आत्या फुलांपाशी पोटावर आडवी होऊन विचार करू लागली. तेवढ्यात फुलांवर सावली पडली. महाराज वर येऊन थांबले होते.

"महाराज, सरका," ती म्हणाली. ती रागावली की त्याला महाराज म्हणे.

महाराज म्हणाले, कुठे सरकू, मला वारा नेतो तिकडे मी जातो. सावली पडलेली फुलं थंड झाली. आत्या उठून दुसऱ्या फुलांकडे गेली, दोरामागून महाराज आले, सावली आली. ती उजवीकडे गेली, सावली उजवीकडे. शेवटी तिनं त्याला एका खडकाला बांधलं आणि जाऊन पुन्हा आडवी झाली. तेव्हा तिला दिसलं की एका वाटीत एक माशी बसली आहे. थंडीत सगळ्या माश्या तिथेच येऊन बसत, शेकोटीला बसल्यासारख्या. तिनं तळहात पुढे केला, माशी शेकून झाल्यावर सावकाश त्यावर चढली. केवढीशी माशी, पण तळहात गरम झाला. राजाला खडकापासून सोडवून आत्या ती घेऊन परतली, आणि तित्तिरानं ती चोचीत अलगद धरून उंचवट्यावर नेऊन ठेवली.

"दुसरी वस्तू. मेलेलं हिरवं करून आणायचं," तो म्हणाला. आत्यानं विचारलं, पण हे कशासाठी? तित्तिर म्हणाला, "कारण अंबेच्या..." आणि पुन्हा झोपला. आत्याच्या मनात त्या पक्ष्याविषयी जे आलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

राजवाड्याच्या कोठीत एक पाळणा होता. त्या राज्यात पाळण्यात गादीऐवजी वाळलेलं शेवाळ भरत, कारण ते ओलं शोषून घेई आणि पोर कोरडं राही. आत्यानं त्यातलं मूठभर उपसलं. ते इतकं वाळलं होतं की बोटांत कुरकुरत होतं.

राजा वरून म्हणाला, "आत्यासाहेब, हे माझ्या पाळण्यातलं का?"

"तुमच्या, तुमच्या वडिलांच्या, आजोबांच्या. सगळ्यांनी यात जे करायचं ते केलेलं आहे, महाराज."

आत्यानं शेवाळ पसरलं आणि त्यावर बर्फाचं पाणी शिंपडलं. आधी काहीच झालं नाही. मग एक काडी सरळ झाली, मग शेजारची, आणि पाहता पाहता सगळी मूठ उलगडून हिरवीगार झाली, जशी काही कालच पठारावरून आणली होती. आत्याला भाऊ आठवला, पाळण्याबाहेर पाय काढून झोपणारा. तिचे डोळे भरून आले आणि तिला स्वतःचाच राग आला, कारण रडायला वेळ नव्हता.

या खेपेला तिनं तित्तिरावर नजर ठेवली. त्यानं हिरवं शेवाळ उचललं आणि हरितांबेच्या टकलावर थापलं. मघाची माशीही तिथेच बसली होती, टाळू शेकत. आत्या बघतच राहिली.

"हे शापासाठी नाही," ती म्हणाली. "तुझी बाई आमच्याकडून डोकं नीट करून घेते आहे."

"अर्थात," तित्तिर म्हणाला. "डोकं कोणी बिघडवलं? तिसरी वस्तू. रस्त्याखालचं जिवंत फूल."

"आणि मग शाप जाईल?"

"अंबेचं डोकं भरून येईल," तित्तिर म्हणाला. "शाप तर..." आणि झोपला.

आत्यानं हात टेकले, अगदी खरोखरच टेकले, शेवाळावर. बसल्या जागी ती थोडा वेळ नुसती श्वास घेत राहिली. उत्तरेकडे आभाळ शिशासारखं झालं होतं. राजा आता एवढा वर गेला होता की त्याचे पाय तिच्या डोक्याच्या वर जेमतेम वीतभर लोंबत होते. दोर सारखा ताणत होता आणि तिची कंबर दुखत होती. पण दुसरा काही उपाय सुचत नव्हता, आणि कोणाचं तरी डोकं आपल्या पोरानं फोडलं तर मलम आपणच न्यायचं, एवढं तिला कळत होतं. ती उठली आणि रस्त्यापाशी गेली.

रस्त्याच्या कडेला एका फरशीखालून जांभळं काहीतरी डोकावत होतं. आत्या फरशीला हात घालणार, इतक्यात महाराज वरून म्हणाले की फरशी काढायची नाही. एक काढली की शेजारची सैल होईल, मग सगळा रस्ता जाईल. अवघ्या राज्यात एवढी एकच गोष्ट आपण स्वतः केलेली आहे.

आत्या सरळ उभी राहिली. इतके दिवस दातांखाली धरलेलं सगळं बाहेर आलं, आणि तेही मोठ्यानं नाही, अगदी थकून.

"मला आता हे झेपत नाही, अचल. माझं वय झालं. तू वर तरंगतोस, मी खाली ओढते. वारा येतोय तो तुला दिसत नाही, तुला रस्ता दिसतो. त्या वाऱ्यानं तुझ्या बापाला नेलं तेव्हा मी तुला पोटाशी धरून जमिनीला चिकटून पडले होते, म्हणून तू आहेस. या वेळी मी कोणाला धरू? तुला नेलं तर मी ओरडायचं कोणावर?"

आणि वारा आला. मागेपुढे न पाहता एकदमच आला, बर्फाचे कण घेऊन. दोर कडकन ताणला, त्याचा एक पीळ तुटला, मग दुसरा. आत्या वाकली आणि दोन्ही हातांनी फरशी उपटू लागली; दुसरं काय करावं हे तिला कळत नव्हतं. फरशी उचकटली. ती ताठ झाली त्याच क्षणी वाऱ्यानं राजाला गिरकी दिली, तो खाली झुकला, आणि त्याचा पाय सणकून तिच्या डोक्यावर बसला. तिचा पदर उडाला आणि ती मटकन खाली बसू लागली.

राजाच्या मनात त्या वेळी काही नव्हतं. पश्चात्ताप नव्हता, शाप आठवला नव्हता, शास्त्रीबुवांचा गहन विषय तर नव्हताच. पाय आत्याला लागला, एवढंच. तो कमरेत दुमडला, त्याचा हात खाली गेला, तिच्या पांढऱ्या केसांना लागला आणि त्याच्याच डोळ्यांना जाऊन टेकला. लहानपणी झोपेत जायचा तसाच गेला.

आणि तो धाडकन पडला. फरशीवर पडला, बसूनच पडला, आणि खूप लागलं.

दोघं काही वेळ वाऱ्यात तशीच बसून राहिली. वारा त्याला ओढत होता, पण आता तो हलत नव्हता. आत्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं. मग तिनं विचारलं, फार लागलं का? तो म्हणाला, तुम्हाला? ती म्हणाली, डोकं फुटलं असतं माझं. आणि मग ती रडली, आणि या वेळी तिनं स्वतःला रडू दिलं.

उपटलेल्या फरशीखाली एक जांभळी उशी होती. चेपलेली, कडेनं पिवळी पडलेली, पण मधे एक कळी हिरवी होती. अचलसेनानं ती ओळखली. लहानपणी आत्या त्याला सर्वांत आधी हिलाच हात लावायला शिकवी, कारण ती राजवाड्याच्या दारापासून पहिली होती. आत्या तरुण होती तेव्हा ती नुकती रुजली होती, आणि एवढ्या वर्षांत वाढून वाढून थाळीएवढी झाली होती. राजानं गुडघ्यावर बसून तिच्या भोवतीची माती हातांनी मोकळी केली आणि ती तशीच ओंजळीत उचलून हरितांबेकडे निघाला. रस्त्यावरून नाही. पाऊल, वाकणं, हात, डोळे. आणि दोन्ही हातांत फूल असल्यामुळे तो कपाळच टेकवत गेला.

उशी टाळूवर बरोबर बसली. राजानं हरितांबेच्या माथ्याला हात लावला आणि डोळ्यांना लावला. तिनं एक डोळा उघडला, त्याच्याकडे पाहिलं आणि मिटला. तित्तिर एव्हाना सगळा पांढरा झाला होता.

"शाप तर पहिल्या दिवशीच गेला असता," तो म्हणाला. "पाय कोणालाही लागला असता तरी चाललं असतं, मग हात लावला की झालं. जमिनीलाच लागला पाहिजे असं अंबा कधीच म्हणाली नव्हती." हे त्याचं पहिलंच पूर्ण बोलणं. आत्यानं एक दगड उचलला, पण हाताखाली दगडफूल लागलं म्हणून हळूच पुन्हा जागच्या जागी ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात रस्त्याच्या सगळ्या फरश्या निघाल्या आणि ज्या डोंगरातून आणल्या होत्या तिथे परत गेल्या. दबलेलं सगळंच काही परत आलं नाही. काही जागा आत्याच्या हयातीत भरणार नव्हत्या, आणि राजा रोज त्या जागांवरून जाताना थांबे. वऱ्हाडं पुन्हा उशिरा पोचू लागली. चोर आणि शिपाई पुन्हा वाकत पळू लागले. हरितांबेच्या माथ्यावर जांभळी उशी फुलली आणि तिच्यावर माश्या शेकू लागल्या.

आता आत्याला नवा वैताग होता. राजा कुठेही गेला की वेळेवर येईना. एवढंसं शेवाळ दिसलं तरी थांबे, पाय न लागलेल्या फुलालाही हात लावी. ती दारात उभी राहून बघे: तो तिकडे, पठाराच्या टोकाशी, वाकतोय. ताट वाढून झालं, तो वाकतोय. आमटी निवली, तो वाकतोय. दोर तिनं टाकला नव्हता, दाराशी खुंटीला टांगून ठेवला होता, आणि तो घेऊन याला ओढत आणावं असं तिला रोज वाटे.

एकदा सांज झाली तेव्हा तो पोचला, भुकेला, आणि घाईत उंबरा ओलांडताना त्याचा पाय तिच्या पायावर पडला. तो वाकला. तिच्या पावलाला हात लावला, डोळ्यांना लावला, आणि तसाच वाकलेला राहिला, कारण धपाटा येणार हे त्याला ठाऊक होतं.

धपाटा आला. मग आत्यानं तो हात त्याच्या पाठीवरून लवकर काढला नाही.